गढीचा गुरुवार

त्या गुरुवारी सोन-ह्वा पहाटे पावणेसहाला खोलीला कुलूप लावून निघाली तेव्हा खुशीत होती. डिसेंबरातल्या सोल शहरात त्या वेळेला खुशीत कामावर निघणारं माणूस विरळाच. पण बुधवारी संध्याकाळी ग्वाकदादा कोटाची बटणं लावता लावता तिला म्हणाला होता, "उद्याची फेरी तू घे. लेकीच्या शाळेत बोलावलंय मला. दहापर्यंत येतोच." सप्टेंबरात कामाला लागल्यापासून ती याच वाक्याची वाट पाहत होती.

कोपऱ्यावरच्या बाईकडून तिने किंबापची, शेवाळाच्या पापुद्र्यातल्या भाताची, एक गुंडाळी घेतली, गरम कॉफीचा डबा हातमोज्यात धरला आणि गुरो भागातल्या त्या जुन्या इमारतीचे चार जिने चढली. सात वाजेपर्यंत लिफ्ट चालू होत नसे. ऑफिसात तीन टेबलं. एक ग्वाकदादाचं, एक तिचं आणि खिडकीजवळचं तिसरं रिकामं. मालक महिन्यातून दोनदा यायचा. बाकी सगळा कारभार या दोघांचा.

सोन-ह्वा गेममास्टर होती. पद ऐकायला भारदस्त, काम मात्र धर्मशाळेच्या रखवालदाराचं. 'धुक्याचं खोरं' नावाचा एक जुना ऑनलाइन खेळ होता. देशभरातली माणसं घरी नाहीतर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून त्यात शिरायची, लढायची, शेती करायची, लग्नं लावायची आणि जमेल तितकं भांडायची. कोणी भिंतीत अडकला, कोणाचा बैल हरवला, कोणी कोणाला आईवरून शिवी दिली, की हाक जायची 'कंदीलवाली'ला. पांढरा झगा, हातात कागदाचा कंदील, मनात आलं तर अदृश्य होऊन फिरणारी. खेळाडू तिला कंदीलताई म्हणत. सोळा वर्षं ही एकच बाई आपली गाऱ्हाणी ऐकते आहे अशी त्यांची समजूत होती.

खरं म्हणजे नाव कंपनीचं होतं. माणसं नोकरी सोडून जात, कंदीलवाली जात नसे. तिचं नाव आणि कंदील पुढच्या माणसाच्या हाती दिला जाई. खेळाच्या नोंदीत प्रत्येक गोष्ट मिनिटासकट उतरायची, पण करणाऱ्याचं नाव तिथे 'कंदीलवाली' एवढंच. त्या दिवशी कंदील कोणाच्या हातात होता ते कळायला एकच जागा होती: कपाटातली हजेरीची वही. तारीख, नाव आणि नावासमोर लाल शाईचा शिक्का. मालक जुन्या वळणाचा होता. कॉम्प्युटरवर कंपनी चालवायचा आणि विश्वास कागदावर ठेवायचा.

खेळाडूंच्या तक्रारींना पाठवायची उत्तरं ठरलेली होती, तीनच. आपली तक्रार मिळाली. तपास चालू आहे. नोंदीत तसं काही आढळत नाही. ऑक्टोबरात एका म्हाताऱ्याने तिला लिहिलं होतं, की त्याच्या मेलेल्या बायकोने खेळात पाळलेला बैल गोठ्यातून नाहीसा झाला. सोन-ह्वाला तो खोटं बोलतोय असं वाटेना. नोंदीत मात्र बैल कधी नव्हताच. तिने ग्वाकदादाला विचारलं.

"तिसरं उत्तर पाठव," तो म्हणाला.

"पण दादा, तो म्हातारा खरं बोलतोय हो."

"बोलत असेल. आपण देव नाही, बाई, कारकून आहोत. नोंद म्हणेल ते घडलं. ती म्हणणार नाही ते घडलंच नाही. हे एकदा डोक्यात बसलं, की रात्री झोप लागते."

तिने तिसरं उत्तर पाठवलं. म्हाताऱ्याने परत लिहिलं नाही. ते तिला बरेच दिवस खुपत राहिलं.

ग्वाकदादा पस्तिशी ओलांडलेला, वाकलेल्या खांद्यांचा, मऊ बोलणारा माणूस होता. सोन-ह्वाच्या चुका तो स्वतःवर घ्यायचा. मुलाखतीत त्याने तिला कामाचं फार काही विचारलं नव्हतं. घरी कोण कोण, एवढंच विचारलं होतं. आई ती लहान असतानाच गेली आणि वडील दोन वर्षांपूर्वी, हे सांगताना तिला रडू फुटलं. तेव्हा त्याने कागदी रुमाल पुढे केला आणि म्हणाला, "मी आहे ना." या शहरात तिला असं कोणी म्हटलं नव्हतं. ती त्या वाक्यावर जगत होती म्हटलं तरी चालेल.

दर गुरुवारी तो कागदी पिशवीतून तीन भाजलेली रताळी आणायचा. एक तिला, एक स्वतःला आणि तिसरं खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलावर. त्या तिसऱ्यात तो लाकडी काडी उभी खोचायचा. पहिल्यांदा ते पाहून ती हसलीच होती.

"दादा, अशी काडी मेलेल्यांच्या पानात खोचतात! बाबांच्या श्राद्धाला मी खोचते."

"गार झालं की नाही ते काडी घालून बघतोय," तो म्हणाला. "सफाईवाल्या मावशींसाठी आहे ते. गरम लागत नाही त्यांना."

संध्याकाळी रताळं खरंच तिथे नसायचं. मग त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

आणि तो शिक्का. तिच्या वडिलांनी कॉलेजात जाताना तिला नावाचा शिक्का करून दिला होता. साधा नव्हे, वीज पडलेल्या बोरीच्या लाकडाचा. "हा जवळ असला की वाईट काही तुझ्या आसपास उभं राहणार नाही," ते म्हणाले होते. ती तो दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. नोव्हेंबरात दोनदा तिला यायला उशीर झाला आणि वहीत खाडा पडायची वेळ आली. तेव्हा ग्वाकदादा म्हणाला, "शिक्का माझ्या खणात ठेवत जा. उशीर झाला तर मी उमटवीन. मालकाला कळायचं नाही." आपल्यासाठी माणूस खोटं करायला तयार आहे याचं तिला भरून आलं. तिने गळ्यातला दोरा काढून दिला.

तर, फेरी. दर गुरुवारी सहा ते दहा खेळाची दारं बंद असायची. डागडुजी चालायची आणि एकही खेळाडू आत नसायचा. तेव्हा कंदीलवालीने एकटीने सगळ्या खोऱ्यातून फिरायचं, कुठे काय बिघडलं ते बघायचं आणि दहाला दारं उघडायची. आजवर हे काम ग्वाकदादाने कोणाला दिलं नव्हतं. थंडीत तू कशाला उठतेस, म्हणायचा.

सोन-ह्वाने दिवा लावला, वहीत सही केली, शिक्क्याची जागा मोकळी सोडली आणि हेडफोन चढवले.

ती नदीकाठच्या घाटावर उभी राहिली. एरवी इथे पाय ठेवायला जागा नसे. आज होड्या नुसत्याच हलत होत्या. खेळातही हिवाळा होता, बर्फ पडत होतं आणि तिच्या पावलांचा कर्र कर्र आवाज तेवढा ऐकू येत होता. बाजार ओस होता. दुकानांतल्या शेगड्यांतून धूर निघत होता, त्यांच्याजवळ मात्र कोणी नव्हतं. देवळाची घंटा वाऱ्याने आपली आपण वाजत होती. तिला गंमत वाटली. लहानपणी सुट्टीत एकदा रिकाम्या शाळेत शिरली होती, तसं वाटलं. "बघा, सगळं गाव माझं," ती मोठ्याने म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाने जरा दचकली.

मग कॉफीचा घोट घ्यायला तिने कीबोर्डवरचे हात उचलले. पडद्यावरची कंदीलवाली थांबली. पावलांचा आवाज थांबला नाही.

कर्र... कर्र... कर्र...

आधी तो डाव्या कानात होता. मग मागे गेला. मग उजव्या कानाशी येऊन उभा राहिला. तिने हेडफोन काढले. ऑफिसात पंख्यांची घरघर होती आणि खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर ढकलत होतं. बिघाड असेल, तिने मनाशी म्हटलं. बिघाड शोधायलाच तर आलो आहोत. तिने कागदावर लिहून घेतलं: आवाज थांबत नाही, बाजार. हेडफोन पुन्हा चढवले. पावलं आता लांब गेली होती, गढीच्या चढाकडे.

कारकुनाच्या इमानाने ती त्यांच्या मागोमाग गेली.

ती गढी म्हणजे खोऱ्यातली दुखरी जागा. सात वर्षांपूर्वी एका टोळीने ती तीन वर्षं लढून राखली होती. एका गुरुवारी, दारं बंद असताना, कंदीलवालीने आत जाऊन गढीचा दरवाजा आतून उघडा करून ठेवला. दहाला खेळ सुरू झाला आणि शत्रूची टोळी सरळ आत शिरली. देशभर बोंब झाली. कंदीलवाली म्हणून काम करणाऱ्या बाईचं खरं नाव, फोटो, फोन, घराचा पत्ता, सगळं कोणीतरी बाहेर फोडलं. अजूनही जुने खेळाडू सोन-ह्वाला टोमणा मारायचे, "काय कंदीलताई, आज कोणाची गढी विकताय?" तिने ग्वाकदादाला विचारलं होतं. "प्यो मी-रांग नावाची मुलगी होती," तो म्हणाला होता. "तिनेच केलं ते. पुढे लग्न करून कॅनडाला गेली. सोड तो विषय."

चढाच्या वर दरवाजाशी उजेड दिसत होता. पिवळा, हलणारा, जमिनीपासून हातभर उंच. सोन-ह्वा जवळ गेली. पांढरा झगा. कागदाचा कंदील. डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव: कंदीलवाली.

दादा घरून आत आला असेल, असं तिला वाटलं आणि जीव भांड्यात पडला. तो तिथे नीट पडतो न पडतो तोच तिला आठवलं, की एका नावाची दोन माणसं या खोऱ्यात एका वेळी उभी राहूच शकत नाहीत. खेळ तसं होऊ देत नाही. दुसरं आत येऊ लागलं की पहिलं बाहेर फेकलं जातं.

पडद्याच्या खालच्या पट्टीत एक ओळ उमटली.

*कंदीलवाली: आज तू आलीस...*

दोघींच्या बोलण्यापुढे एकच नाव उमटणार होतं. ओळ आपणच लिहिली की काय म्हणून तिने हातांकडे पाहिलं. हात मांडीवर होते. तिने कीबोर्डवर बोटं ठेवली.

*कंदीलवाली: कोण आहे?*

*कंदीलवाली: मी-रांग.*

खोलीत वास येऊ लागला. आधी तिला वाटलं खालून येतोय. ओल्या लोकरीचा, नदीतल्या गाळाचा, थंड पाण्याचा वास. खिडक्या बंद होत्या.

*कंदीलवाली: तुम्ही कॅनडाला असता ना?* तिने लिहिलं. भीती वाटली की माणूस असंच काहीतरी विचारतो.

समोरचा कंदील हलत राहिला.

*कंदीलवाली: पुलावर बूट काढून ठेवले होते... ते तरी मिळाले का कोणाला...*

सोन-ह्वाला उठून जायचं होतं, पण उठायचं तर वळावं लागलं असतं. ती ज्या टेबलाशी बसली होती त्याच्या मागेच ते तिसरं, खिडकीजवळचं टेबल होतं. तिकडे वळून बघायचं नाही एवढं तिला पक्कं कळत होतं. समोरून पुढची ओळ आली.

*कंदीलवाली: त्या गुरुवारी कंदील कोणाच्या हातात होता?*

*कंदीलवाली: तुमच्याच ना?* सोन-ह्वाने लिहिलं.

*कंदीलवाली: माझी रजा होती. कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा दिवस... धाकट्या भावाला केंद्रावर सोडायला गेले होते. कंदील माझ्या हातात नव्हता. लोकांनी ऐकलं नाही. दर गुरुवारी विचारते. तपास चालू आहे, म्हणतो.*

*कंदीलवाली: कोण म्हणतो?*

*कंदीलवाली: वही बघ. मीही कंदीलवाली होते. नोंद म्हणेल ते मानीन.*

खरं सांगायचं तर त्या क्षणी सोन-ह्वाची भीती थोडी कमी झाली. तक्रार समजली होती, तारीख मिळाली होती, वही कुठे ते माहीत होतं. मेलेलं का असेना, गाऱ्हाणं होतं, आणि गाऱ्हाणं निकालात काढणं हे तर तिचं काम. या बिचारीला सात वर्षांत कोणी वही काढून दाखवली नाही? आपण दाखवू. तिला त्या बैलवाल्या म्हाताऱ्याची आठवण झाली. निदान एकाला तरी खरं उत्तर देऊ.

ती उठली. खिडकीकडे न बघता कपाटाशी गेली. जुन्या वह्या खालच्या फळीवर धूळ खात होत्या. तिला हवी ती वही मात्र सगळ्यांच्या पुढे होती आणि तिच्यावर धूळ नव्हती. नोव्हेंबर, परीक्षेचा गुरुवार. तिने पान उघडलं. ते पान बाकीच्या पानांपेक्षा पांढरं होतं.

कंदील: नाम सोन-ह्वा.

समोर तिचा शिक्का. बोरीच्या लाकडाचा, कडेला तोच बारीक टवका. तिने अंगठा फिरवला. शाई अंगठ्याला लागली.

त्या गुरुवारी ती अठरा वर्षांची होती आणि गुन्सानच्या एका शाळेत तीच परीक्षा देत बसली होती. वडील फाटकाला चिकट मिठाई चिकटवून, पोरगी पास होऊ दे म्हणून, संध्याकाळपर्यंत थंडीत उभे होते. सोल शहर तिने तोवर पाहिलंही नव्हतं. आणि हे अक्षर. हे मऊ, उजवीकडे झुकलेलं अक्षर ती रोज बघत होती. तिच्या चुका स्वतःवर घेणारं अक्षर.

तिने फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता आणि लहान मुलीचं बोलणं.

"हां, सोन-ह्वा. झाली फेरी?"

"दादा... वहीत माझं नाव आहे."

भांड्यांचा आवाज लांब गेला. दार लावल्याचा आवाज आला.

"बघितलीस होय," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. रागावला असता, खोटं बोलला असता, तर तिला बरं वाटलं असतं.

"गढीचा दरवाजा तुम्ही उघडलात."

"आत शिरली ती माझ्या मित्रांची टोळी होती. गंमत म्हणून. एवढं होईल असं कुठे वाटलं होतं? मालक म्हणाला नाव सांग. मी तिचं सांगितलं. म्हटलं, महिन्याभरात विसरतील लोक. बाईमाणसाला इतकं छळतील हे काय माहीत."

"तिने जीव दिला, दादा!"

"ओरडू नकोस. लेक जेवतेय." त्याने आवाज आणखी खाली आणला. "सात वर्षं, सोन-ह्वा. दर गुरुवारी एकच विचारते. मी दर गुरुवारी एकच उत्तर देतो. तपास चालू आहे. किती दिवस चालणार तपास? मागच्या महिन्यात म्हणाली, लेकीला विचारू का... माझी लेक पहिलीत आहे ग."

"मग मी? मी काय केलं होतं तुमचं?"

"आलो हं," तो दाराआडच्या लेकीला म्हणाला.

"माझा शिक्का कुठाय?"

"माझ्या गळ्यात आहे."

तिला एकदम सगळं लख्ख दिसलं. मुलाखतीतला तो प्रश्न, घरी कोण कोण. तो कागदी रुमाल. मी आहे ना. तिच्या आधी पाच मुली मुलाखतीला आल्या होत्या. त्यांच्या घरी कोणी ना कोणी असणार. चार महिने ती ज्याला माया समजत होती ती निवड होती. भीतीपेक्षा हेच तिला आत जाऊन लागलं. परकं कोणी करतं तर तिने सोसलं असतं. याने तर तिला पोरकी म्हणून हेरलं होतं आणि मग दादा म्हणू दिलं होतं.

"तुला शोधायला कोणी येणार नाही," तो हळूच म्हणाला, समजूत घातल्यासारखं. "म्हणून. दुसरं काही नाही. तू चांगली मुलगी आहेस." आणि फोन बंद झाला.

हेडफोन टेबलावर पडले होते. त्यांतून बारीक आवाज येत होता. कर्र... कर्र... पडद्यावर पांढरा झगा आता तिच्या कंदीलवालीच्या अगदी समोर उभा होता. खोलीतला वास इतका वाढला होता की श्वास घेताना घशात ओल लागत होती.

*कंदीलवाली: वही बघितलीस?*

तिने बसून भराभर लिहिलं. *वही खोटी आहे. ते पान नवीन आहे. ग्वाक जे-इकने लिहिलंय. दरवाजा त्याने उघडला, आत्ता फोनवर कबूल केलं. मी त्या दिवशी गुन्सानला परीक्षा देत होते. माझं प्रवेशपत्र आहे, दाखवते. तुमच्या भावाबरोबरचीच मी. मी तुम्हाला कधी पाहिलंही नाही.*

तिचं पाकीट उघडून तिने ते जुनं, घडी घातलेलं प्रवेशपत्र बाहेर काढलं. वडिलांनी जपून ठेवलं होतं, म्हणून ती जपत होती. ते तिने पडद्यासमोर धरलं. कोणाला दाखवतोय, कसं दाखवतोय, याचं भान तिला नव्हतं. परीक्षा केंद्राचा गोल शिक्का, तारीख, तिचा अठरा वर्षांचा गोल चेहरा.

कंदील हलायचा थांबला.

*कंदीलवाली: आपली तक्रार मिळाली.*

सोन-ह्वाने प्रवेशपत्र आणखी पुढे धरलं.

*कंदीलवाली: नोंदीत तसं काही आढळत नाही.*

"नाही हो," ती मोठ्याने म्हणाली. "ताई, तुम्ही तरी असं म्हणू नका. तुमच्या बाबतीत हेच केलं ना त्यांनी... तुम्ही तरी..."

तिच्या मागची, खिडकीजवळची खुर्ची सरकली. जमिनीवर पाणी ठिबकल्याचा आवाज आला. सोन-ह्वाने मागे पाहिलं नाही. तिच्या उजव्या खांद्यावरून एक बाही पुढे आली, ओली, काळपट, आणि थंड बोटं तिच्या कीबोर्डवर टेकली. पडद्यावर हकालपट्टीचं ठरलेलं वाक्य उमटू लागलं. शिवीगाळ करणाऱ्यांना, लबाडी करणाऱ्यांना तिने स्वतः ते अकरा वेळा पाठवलं होतं, त्यामुळे पुढचा प्रत्येक शब्द तिला आधीच ठाऊक होता.

*आपल्याला या जगातून कायमचं काढण्यात येत आहे.*

पुढे काय झालं ते तिला नीट सांगता आलं नसतं. दुखलं नाही. वास गेला. पंख्यांची घरघर चालूच होती. खिडकीतून उजेड आला, खालच्या रस्त्यावर बस थांबली, शाळेत जाणारी पोरं ओरडत गेली. खाली बर्फ पडत होतं, खरं बर्फ. सोन-ह्वा आपल्या खुर्चीत बसून होती. गढीच्या दाराशी आता कोणी नव्हतं, तिची कंदीलवालीसुद्धा. किंबाप तसंच गुंडाळलेलं होतं. दहाला खेळाची दारं आपली आपण उघडली. घाटावर माणसं लोटली आणि कोणीतरी लिहिलं, "कंदीलताई, नमस्कार!" तिने उत्तर लिहिलं. अक्षर उमटलं नाही. तिने ती कळ पुन्हा दाबली. कळ खाली गेली नाही.

सव्वादहाला जिन्यात पावलं वाजली. ग्वाकदादा नेहमी सरळ आत शिरायचा. आज त्याने आधी दारावर टकटक केली, थांबला आणि मग दार ढकललं. केसांवर बर्फ होतं, हातात कागदी पिशवी.

सोन-ह्वा उठली आणि त्याच्या अंगावर धावून गेली. तोंडाला येईल ते बोलली. दादा म्हणाली, हलकटा म्हणाली, पुन्हा दादा म्हणाली. त्याने कोट काढून खुंटीला लावला. शर्टाच्या आत लाल दोरा दिसत होता. तो तिच्या टेबलाशी आला, तिच्या रिकाम्या खुर्चीवरून नजर फिरवली, जमिनीवर पडलेलं प्रवेशपत्र उचललं, फोटोकडे थोडा वेळ पाहिलं आणि बारीक फाडून टोपलीत टाकलं. मग मालकाला फोन लावला.

"साहेब, मुलगी काम सोडून गेली. हो, एकाएकी. लग्न ठरलं म्हणे, कॅनडात. दुसरी बघायला हवी." तो ऐकत राहिला, मान हलवत राहिला. "नाही, तशी घाई नाही. फेरी आता मीच घेईन गुरुवारची. आता काही त्रास नाही."

खूप वर्षांनी झोप झालेल्या माणसासारखा त्याचा चेहरा दिसत होता. त्याने टेबल पुसलं आणि पिशवी उघडली. रताळी तीनच होती, नेहमीसारखी, अजून वाफ निघत होती. एक त्याने खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं आणि त्यात लाकडी काडी उभी खोचली.

दुसरं सोन-ह्वाच्या टेबलावर ठेवलं. खिशातून आणखी एक काडी काढली आणि त्यातही उभी खोचली.

मग आपल्या जागेवर बसून तो तिसऱ्याची साल काढू लागला. भाजलेल्या रताळ्याचा गोड वास खोलीभर पसरला. सोन-ह्वाला त्याच्याकडे बघायचं होतं, त्याचा गळा धरायचा होता, पण तिला भूक लागली होती, जन्मात कधी लागली नव्हती एवढी, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत आधीच कोणीतरी खायला सुरुवात केली होती.